लॅशेस गळतात तेव्हा दोष नेहमी पापण्यांचाच नसतो
आज एक क्लायंट आली, दुसरीकडे लावलेले लॅश एक्स्टेन्शन (खऱ्या पापणीच्या केसावर ग्लूने चिकटवायचे नकली केस) आठवड्याच्या आत गळायला लागलेले आणि बिचारी स्वतःच्याच पापण्यांना नावं ठेवत होती. जवळून बघितलं तर दोन-दोन तीन-तीन पापण्या एकत्र चिकटवलेल्या, आता प्रत्येक पापणी आपल्या वेगाने वाढते ना, मग एक दुसरीला ओढते, टोचतं, मुळापासून तुटतात. ग्लू सोडवणाऱ्या रिमूव्हरने हळूहळू सगळं काढलं (ओढून कधीच काढू नका प्लीज!) आणि नवीन लावायला आज मी नाही म्हटलं, पापण्यांना आराम हवाच होता.

लावणाऱ्या मैत्रिणींनो, ग्लू हवेतल्या ओलाव्याने सुकतो. साधारण 40 ते 60 टक्के ह्युमिडिटी बरी, हवा कोरडी असली की सुकायला वेळ लागतो आणि शेजारच्या पापण्या चिकटतात, फार दमट असली की पकड बसायच्या आधीच सुकतो, म्हणून खोलीत हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) पाहिजेच. एका वेळी एकच पापणी वेगळी करा, त्वचेपासून 0.5 ते 1 मिलिमीटर सोडून लावा. क्लायंट चुरचुरतंय म्हणाली तर डोळे पूर्ण मिटलेत का बघा, डोळ्याखाली लावलेला पॅड आत टोचतोय का बघा. आणि नंतर सूज, खाज आली तर ती ॲलर्जी असू शकते, तेव्हा थेट डॉक्टरकडे पाठवा.