लाइन रोलरचा एक स्क्रू आणि माझं डोकं

मासेमारीच्या गळाची रील खोलून साफ करणं अवघड नाही असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, फक्त लाइन रोलरच्या स्क्रूबद्दल कोणी तोंड उघडत नाही. म्हणून लिहितोय.

माझी ४००० साइजची स्पिनिंग रील, वापर सगळा खाऱ्या पाण्यातला. बरेच दिवस गुंडाळताना चीं चीं आवाज येत होता. हँडल नुसतं फिरवलं तर काही नाही, दोरीवर ताण आला की लगेच सुरू. तुमच्याकडे असं होत असेल तर गिअरबॉक्सच्या मागे लागायच्या आधी लाइन रोलर बघा, म्हणजे बेलच्या (दोरी धरून स्पूलवर गुंडाळणारी वाकडी तार) टोकाला ती छोटी पुली असते ना, जिथे दोरी वळून स्पूलवर जाते, ती. तपासायला एक सोपी युक्ती आहे, रोलरवर मार्करने एक ठिपका द्या, दोरी हाताने ताणून धरा आणि हळू गुंडाळा. ठिपका फिरला तर ठीक. माझा जागचा हलला नाही. रोलर फिरत नसेल तर दोरी त्याच जागी घासत राहते, ब्रेड (विणलेली दोरी) असेल तर तिचे धागे सुटायला लागतात आणि पीळ पडतो तो वेगळाच.

आता उघडायचीच आहे तर पूर्ण करू म्हणून स्पूल, हँडल, रोटर, बाजूचं झाकण, मेन गिअर सगळं काढलं. यात सांगण्यासारखं फार नाही, प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा आणि पार्ट काढले त्याच क्रमाने ओळीत ठेवा. मेन गिअरच्या दोन्ही बाजूंना कागदासारख्या पातळ चकत्या म्हणजे शिम असतात, ते जुन्या ग्रीसला चिकटून निघतात आणि दिसतही नाहीत, कुठल्या बाजूला किती होते ते लिहूनच ठेवा, नाहीतर जोडल्यावर गिअर एकतर घट्ट होतो नाहीतर खडखडतो.

मग आला तो स्क्रू.

व्हिडिओत तो पहिल्या फेरीत सुटतो, कारण व्हिडिओतली रील नवी असते. माझ्या स्क्रूच्या डोक्यात पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं होतं, स्क्रू ड्रायव्हरचं टोकच आत जाईना. मला वाटलं मीठ आहे, आणि मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, त्यामुळे तेलाचा स्प्रे मारण्याआधी बेल आर्म (रोलर ज्यावर बसतो तो भाग) कोमट पाण्यात बुडवून ठेवला. बरंचसं गेलं, पण थोडं तसंच राहिलं. जे राहिलं ते मीठ नव्हतंच. स्क्रू स्टेनलेसचा, आर्म ॲल्युमिनियमचा, मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये भरते. ती पाण्याने जात नाही, सुईने कोरून काढावी लागते, आणि खालच्या आट्यांपर्यंत सुई पोचत नाही.

दुसरी गोष्ट ड्रायव्हर. जपानी रील्सवर बरेचदा जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे स्क्रू असतात, दिसायला अगदी फिलिप्ससारखे, पण आपल्या नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की ते वर उचललं जातं आणि खाच गुळगुळीत होते. एकदा खाच गेली की मग ड्रिल. त्यामुळे जेआयएसचं बारीक टोक मागवेपर्यंत त्या स्क्रूला हात लावला नाही, आणि ती वाट बघणं हा सगळ्या कामातला सर्वात वैतागवाणा भाग. पार्ट ओळीत मांडलेले, टेबल अडलेलं, घरचे विचारतायत हे कधी उचलणार. ते टोक खाचेत बसलं तेव्हा जरासुद्धा हललं नाही, तेव्हाच कळलं वाट बघितली ते बरं झालं.

तरी सुटेना. कारण कारखान्यातून बऱ्याच वेळा या स्क्रूला आटे घट्ट धरणारा गोंद लावलेला असतो. तो उष्णतेने मऊ होतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवलं, फक्त डोक्यावर, कारण आत रोलरला प्लास्टिकची बुश असते, मग गंज सुटवायच्या तेलाचा एक थेंब, रात्रभर तसंच. सकाळी ड्रायव्हर वरून घट्ट दाबून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने आणि मग उलटा. टक्. बारीकसा आवाज, पण मी घरात ओरडलो.

आतलं बेअरिंग म्हणजे तपकिरी चिखल. कंपनीला विचारलं तर हा पार्ट सुटा मिळत नाही, रील पाठवा असं उत्तर आलं. कशाला पाठवा? बेअरिंगची मापं ठरलेली असतात, व्हर्नियरने आतलं भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. माझं निघालं ५ × ८ × २.५ मिमी, म्हणजे एमआर८५ या नंबरचं, हँडलच्या नॉबमध्ये बरेचदा ४ × ७ × २.५ चं एमआर७४ असतं. रोलरसाठी स्टेनलेस आणि रबर सीलवालं घ्या.

जोडताना, गिअरला ग्रीस, बेअरिंगला तेल, आणि दोन्ही कमीच. दातांवर पातळ थर पुरे, जास्त भरलं तर हँडल जड फिरतं. अँटी रिव्हर्सच्या, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणाऱ्या क्लचमध्ये मात्र ग्रीस अजिबात नको, त्याचे छोटे रोलर त्यात अडकतात आणि हँडल मागे फिरायला लागतं, तिथे फार तर पातळ तेलाचा एखादा थेंब. ड्रॅगच्या (मासा ओढतो तेव्हा दोरी ताणाने सुटू देणारा ब्रेक) कार्बन वॉशरला फक्त ड्रॅगचं ग्रीस, दुसरं काही नाही. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, ई क्लिप (ई आकाराची बारीक स्प्रिंगी क्लिप) काढताना हात आणि रील दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून काढा, ती उडते आणि परत मिळत नाही. प्लास्टिकच्या पार्टवर ॲसिटोन नको. स्क्रू परत बसवताना आट्यांवर ग्रीसचा पुसट हात फिरवा, म्हणजे आट्यांत खारं पाणी शिरत नाही.

खाऱ्या पाण्यातून आलात की ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी फवारणी करायची, नळाचा जोरदार झोत मारला तर मीठ उलट आत ढकललं जातं. मग पुसून, ड्रॅग सैल करून ठेवायचा, म्हणजे वॉशर दाबून राहत नाहीत. आणि रोलरवर तेलाचा एक थेंब. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं असतं, मी ती ओळ आता रोज पाळतो, कारण तो स्क्रू मला परत उघडायचा नाहीये.