पोटापाण्याचं काय करता?

तालुक्याच्या वाचनालयात कवितावाचन संपलं की आयोजक माइक हातात घेऊन विचारतात, "कुणाला काही प्रश्न?" मिनिटभर कुणी बोलत नाही. मग मागच्या रांगेतून एखादे काका उठतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "कविता छानच आहेत ताई, पण पोटापाण्याचं काय करता?" हशा होतो, मीही हसते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत आलाय, एसटीत आलाय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारला, माझं तोंड उघडं असताना. तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सविस्तर सांगते.

मी बँकेत कॅशियर होते. 1989 साली लागले, 2021 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. 32 वर्षांतली जवळजवळ सगळी कॅश काउंटरच्या जाळीआड गेली, आधी पितळी टोकनांच्या काळात आणि नंतर नोटा मोजायच्या मशीनच्या खडखडाटात.

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण काकांना खरं तेच विचारायचं असतं. माझा पहिला संग्रह 500 प्रतींचा, खर्च माझा. प्रकाशकांनी सरळ सांगितलं, कवितेचं पुस्तक खपत नाही, निम्म्या प्रती तुम्हीच उचला. त्या दिवाणाखाली गेल्या. पाहुणे आले की ह्यांनी दिवाणाची फळी उचलायची, मी वाकून एक प्रत काढायची, असं चार वर्षं चाललं. दुसऱ्या संग्रहाला रॉयल्टी मिळाली. 640 रुपयांचा चेक मी आमच्याच शाखेत भरला, तर क्लिअरिंगवाला म्हणाला, "मॅडम, हा वटवू नका, फ्रेम करून लावा." दिवाळी अंकाचं मानधन कधी येतं, कधी नुसता अंक येतो आणि कधी तोही मागून घ्यावा लागतो. कविसंमेलनाच्या पाकिटातून एसटीचं भाडं वजा केलं की चहा-भज्यांपुरते उरतात. नारळाच्या वड्या होतात. शाली आहेरात फिरवल्या जातात. त्यातली एक फिरून परत माझ्याकडे आली, पण ती गोष्ट पुन्हा कधी.

निव्वळ कवितेवर चूल पेटलेला मराठी कवी शोधायला गेलात तर दमून जाल. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव काव्यवाचनं केली, सभागृहं भरवली. पण विंदा आणि बापट प्राध्यापक होते आणि पाडगावकरांनी आकाशवाणीत, नंतर अमेरिकन माहिती सेवेच्या मुंबई कचेरीत नोकरी केली. 2003 पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या कार्यक्रमाला लोक तिकीट काढून येऊ लागले, पण तिथे कवितेच्या शेजारी पेटी आहे. सिनेमासाठी लिहिणाऱ्यांना 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलल्यापासून गाण्याच्या रॉयल्टीत हक्काचा वाटा मिळायला लागला. दिवाणाखालच्या कवितांना त्या बदलाचा काही उपयोग नाही.

मग कवी करतात तरी काय? जे हाताला लागेल ते. नारायण सुर्वे रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी वाढवलेलं. त्यांनी गिरणीत काम केलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि पुढे शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' आला 1962 साली. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचे, 1972 मध्ये 'गोलपिठा' आला आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. इंदिरा संत बेळगावात शिक्षिका. 1946 मध्ये नवरा गेला, तीन मुलं पदरात, आणि तिकडे अध्यापन तर इकडे कविता. ना. धों. महानोरांनी शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याला शेती धरली. पुढे विधान परिषदेवर जाऊन पाण्यावर आणि शेतीवर बोलले. आत्ताचं बघायचं तर किशोर कदम, म्हणजे सौमित्र, अभिनय करतात. नागराज मंजुळे सिनेमे करतात. त्यांचा 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह 'सैराट' डोक्यावर घेणाऱ्यांतल्या किती जणांच्या घरी असेल कोण जाणे. दौंड तालुक्यातल्या कल्पना दुधाळ शेती करतात आणि मातीवर लिहितात. मुंबईला पोलीस खातं, आयकर, पोस्ट, सगळीकडे कवी सापडतील. पोलिसांवरून आठवलं, इंग्रजीत लिहिणारे केकी दारूवाला आयपीएस अधिकारी होते.

आता माझं म्हणणं सांगते. नोकरी कवीला वेळ देते असं लोक समजतात. कॅशियरला वेळ कुठला? चारला काउंटर बंद, पण कॅश टॅली होईपर्यंत उठता येत नाही. एका मार्चअखेरीला 2,000 रुपये कमी भरले. तीनदा मोजूनही जुळेनात, शेवटी पदरचे घालून घरी गेले. त्या रात्री कसली कविता! नोकरीनं मला दुसरीच एक सोय दिली. गप्प बसायची. महिन्याच्या शेवटी पगार होणार आहे म्हटल्यावर कवितेनं काही कमवून आणायची गरज उरत नाही. ती सहा महिने आली नाही तरी घरात कुणाचं दूध बंद होत नाही. आणि अर्धवट असताना तिला विकायला बसवावं लागत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अरुण कोलटकर. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस जाहिरात क्षेत्रात आर्ट डायरेक्टर होता, तोही नावाजलेला, त्या धंद्यातल्या कलाकारांच्या 'कॅग' या संघटनेचं मानाचं पारितोषिक सहा वेळा मिळवणारा. मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इन या हॉटेलात बसून समोरचा रस्ता बघत राहायचा. 1976 ला इंग्रजीत 'जेजुरी', पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार, त्याच वर्षी मराठीत 'अरुण कोलटकरच्या कविता'. आणि नंतर? मराठीतलं पुढचं पुस्तक यायला पाव शतक गेलं. कविता होत होत्या, वहीत राहत होत्या. 'भिजकी वही' आली ती मृत्यूच्या थोडी आधी. एवढं थांबणं परवडायला पोटाची सोय दुसरीकडे हवी. माझा एक तर्क आहे, पटला तर घ्या. ते जाहिरातीत चित्र, मांडणी, अक्षरांचं वळण विकत होते. शब्द विकणारा कॉपीरायटर शेजारच्या टेबलावर बसायचा. दिवसभर शब्दच विकले असते तर संध्याकाळी त्यांना हात लावावासा वाटला असता का?

लगेच कुणीतरी दिलीप चित्र्यांचं नाव घेईल, आणि बरोबरच घेईल. इथिओपियात शिकवणं, जाहिरात, पत्रकारिता, भाषांतर, 'गोदाम' हा हिंदी सिनेमा, एका जागी बूड टेकलेलं नाही. तरी 1994 मध्ये एकाच वर्षी दोन साहित्य अकादमी पुरस्कार, एक स्वतःच्या कवितेला आणि एक तुकोबांच्या इंग्रजी भाषांतराला. म्हणजे माझा तर्क चित्र्यांपाशी आपटतो. आपटू दे. अशी पाठीची ताकद सगळ्यांना नसते, निदान मला नव्हती.

मुंबई सेंट्रलला गीव्ह पटेल नावाचे डॉक्टर होते. साधी प्रॅक्टिस, शिवाय चित्रकार, नाटककार आणि इंग्रजीत कवी. 2023 मध्ये गेले. झाड मारायला काय काय करावं लागतं यावरची त्यांची कविता शाळेच्या पुस्तकात असायची. माझ्या भाचीला ती पाठ होती. ती म्हणून दाखवायची तेव्हा मला ऑपरेशनची टिपणं ऐकल्यासारखं वाटायचं: आधी इथे कापा, मग मुळाशी जा, बाहेर ओढा, वाळवा. झाडावर लिहिणारे इतर कवी सावलीपासून सुरुवात करतात.

माझ्या काउंटरनं मला काय दिलं ते एका बाईवरून सांगते. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1,000 च्या नोटा रद्द झाल्या. 9 तारखेला बँका बंद. 10 ला शटर वर केलं तर रांग रस्ता ओलांडून पलीकडच्या पिंपळापर्यंत गेलेली. सुरुवातीला माणशी 4,000 च बदलून मिळत होते, बाकीचे खात्यात भरायचे. दुपारी दोनच्या सुमाराला सत्तरीची एक आजी जाळीपाशी आली. नऊवारी, कमरेला चंची. तिनं पदराआडून एक डबा काढला, तेलाचा जुना पत्र्याचा. आत तुरीची डाळ, डाळीत प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत नोटा. डाळीचे चार-पाच दाणे माझ्या गल्ल्यात सांडले. मी मोजल्या. मशीनमध्ये दोनदा नोटा अडकल्या, कारण काहींच्या घड्या वर्षानुवर्षांच्या होत्या. मग सवयीप्रमाणे रक्कम मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, तर आजी जाळीला नाक लावून पुटपुटली, "बाय, बोलू नगंस. माज्या मागं सून हाय."

मागं खरंच सून होती, कडेवर पोर घेऊन. सासूबाईंना सोबत म्हणून आलेली, मान उंच करून बघत होती. मी चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि पुढे सरकवला. आजीनं चिठ्ठी उलटी धरली. वाचता येत नव्हतं. मग मी टेबलाच्या कडेला, सुनेला दिसणार नाही असा हात धरला आणि बोटांनी सांगितलं. तीन बोटं. थांबले. परत दोन बोटं. आजीनं मान हलवली आणि जाळीखालून तिचा हात आत आला, पाच बोटं उघडी. चूक झाली होती. एक घडी मी उलगडलीच नव्हती, तिच्यात एक पाचशेची जास्तीची होती. इतकी वर्षं नोटा मोजण्यात हुशार समजल्या जाणाऱ्या बाईची मोजणी एका निरक्षर बाईनं बोटावर दुरुस्त केली.

त्या दिवशी घरी गेले ते रात्री साडेदहाला. पुढचे काही आठवडे तसेच. कविता झाली तीन वर्षांनी, आणि तीत ना नोटा आल्या ना बँक. दोन बायकांचे हात आले, मध्ये जाळी. ती माझी बरी जमलेली कविता आहे असं लोक म्हणतात.

पण नोकरीचं नुसतं गुणगान करणार नाही. मधली दोन वर्षं मी अधिकारी होते. बढती मिळाली, बदली झाली आणि कर्जवसुली गळ्यात पडली. जीप घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचं. घरातली बाई पाणी आणून द्यायची, गुळाचा खडा द्यायची, आणि मी फाइल उघडून थकबाकीचा आकडा वाचायची. पाणी पिऊन झाल्यावर. त्या दोन वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही. लिहायला विषय नव्हता असं थोडंच आहे, विषय दारोदार उभे होते. मला मात्र तोंड वर करून त्यांच्याकडे बघायचं धैर्य नव्हतं. पुढे प्रकृतीचं कारण दाखवून पद सोडलं आणि पुन्हा काउंटरला आले. दीर म्हणाले, "वहिनी, लोक वर जायला धडपडतात, तुम्ही खाली उतरलात." पगारात फरक पडला, तो ह्यांनी एका शब्दानं बोलून दाखवला नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण पोटापाण्याच्या हिशेबात घरातल्या माणसाचा हा आकडा कुणी धरत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका आईचा फोन आला. मुलगा पुण्यात आयटीत, हिंजवडीला जातो, म्हणतो नोकरी सोडून कविताच करायची. "तुम्ही तरी त्याला समजवा, तुमचं तो ऐकेल." मी म्हटलं, पाठवा. मुलगा आला. उंच, बारीक, पाठीवर लॅपटॉपची सॅक. चहा घेतला. मी भाषणाची तयारी केली होती, सुर्वे, कोलटकर, सगळे मनात रांगेत उभे. त्यानं आधी कविता वाचून दाखवल्या. सहापैकी पाच कविता समुद्रावर होत्या. मी विचारलं, समुद्र कधी पाहिलास? म्हणाला, दोनदा, अलिबागला. सहावी कविता कंपनीच्या रात्रीच्या बसवर होती. बसमध्ये सगळे झोपलेले, ड्रायव्हर एकटाच जागा, आणि प्रत्येक स्टॉपला तो न बघता माणसाचं नाव घेऊन उठवतो. ड्रायव्हरला सगळ्यांची नावं येतात आणि बसमधल्या कुणालाच ड्रायव्हरचं येत नाही.

मी भाषण केलं नाही. ती कविता परत वाचायला लावली. तो गेल्यावर आईचा फोन आला, "काय सांगितलंत?" मी म्हटलं, शेवटच्या दोन ओळी काढायला सांगितल्यात.