पाइप बदलला, जेट तसाच ठेवला

माझ्या वेस्पा पीएक्स १५०चं इंजिन मी आतापर्यंत चार वेळा उघडलंय. त्यातलं एकदा हौसेनं, बाकी तीनदा केलेलं निस्तरायला.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची ताकद वाढवायची म्हटलं की जो तो सांगतो मोठं सिलेंडर किट टाक, आणि ते काही खोटं नाहीये, ५७.८ मिमीचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६३चा केला आणि ५७चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तसाच ठेवला तरी १५०चं १७७ सीसी होतं. मीही तेच केलं, मोठा २४/२४ कार्बोरेटर घेतला, आणि काही दिवसांनी वर एक्स्पान्शन पाइप, म्हणजे मधे फुगलेला एक्झॉस्ट पाइप लावला. का लावला? दिसायला भारी होता म्हणून, खरं सांगतोय.

पाइपबद्दल जरा सांगतोच कारण टू-स्ट्रोकमधली अर्धी गंमत तिथे आहे. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतलं धूर जायचं भोक, उघडलं की जळलेला गॅस धाडकन बाहेर पडतो, त्याची लाट पाइपच्या रुंद होत जाणाऱ्या भागात शिरली की मागे ओढ तयार होते आणि ट्रान्सफर पोर्टांतून, म्हणजे आत यायच्या भोकांतून, हवा-पेट्रोलचं ताजं मिक्चर वर खेचलं जातं, त्यातलं थोडं बाहेरही निसटतं, पण तोपर्यंत पुढच्या निमुळत्या भागावरून उलटी आलेली लाट ते परत सिलेंडरमध्ये कोंबते. व्हॉल्व्ह नाही, टर्बो नाही, नुसता पत्र्याचा आकार! पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या इंजिनिअर वॉल्टर काडेननं याच पत्र्यावर वर्षानुवर्षं डोकं लावून १९६१ला १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली, म्हणजे लिटरला २००. आणि त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळून सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ची ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुझुकीची. असो, विषय भरकटला.

मुद्दा असा की पाइप नीट काम करायला लागला की सिलेंडरमध्ये हवा जास्त भरते, मग पेट्रोलही जास्त लागणारच ना. मी मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, तोच ठेवला. थोडं अंतर फुल थ्रॉटल मारून, इंजिन बंद करून प्लग काढून बघितला, रंग बदामी, म्हणजे मिक्चर बरोबर, म्हटलं झालं काम. पण तेवढ्याशा अंतरात इंजिन पुरतं तापतच नाही हे डोक्यातच आलं नाही.

मग एका मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पिळून धरली. दोन-तीन मिनिटं झाली असतील, आणि गाडी अचानक जास्तच मस्त पळायला लागली, आवाज मोकळा, एकदम हलकी. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात ना, तसंच, लीन झालेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं इंजिन जाम व्हायच्या आधी सगळ्यात गोड चालतं. पुढे वळण आलं म्हणून थ्रॉटल सोडला आणि मागचं चाक चर्रकन घासलं. थ्रॉटल सोडला की पेट्रोल बंद, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र अजून सहा-सात हजारानं फिरतंय. डावा हात आपोआप क्लचवर गेला म्हणून वाचलो. तेव्हापासून सुसाट जाताना दोन बोटं कायम क्लचवर.

ब्लॉक काढला तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे चरे, बोअरवर ॲल्युमिनियम लिंपल्यासारखं चिकटलेलं, आणि वरची रिंग खाचेत अशी बसलेली की नखानं हलेना. नवा पिस्टन, परत बोअरिंग. आता उघडलंच आहे तर पोर्ट पण घासू म्हटलं, पण या वेळी पोर्ट किती अंश उघडी राहतात ते आधी मोजायचं ठरवलं.

जुन्या सीडीवर ३६० अंशांची छापील चकती चिकटवली, मॅग्नेटवर (क्रँकबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर) बसवली, तारेचा काटा केला. एक मात्र, टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, डोळ्यानं शोधू नका, पिस्टन वर पोचल्यावर दोन-तीन अंश हललाच नाही असं वाटतं. पिस्टन अडेल असं काहीतरी प्लगच्या भोकात बसवायचं, दोन्ही बाजूंनी फिरवून रीडिंग घ्यायचं, बरोबर मधला आकडा म्हणजे टॉप. मग कळलं की एक्झॉस्ट पोर्टची वरची कड १ मिमी घासली की पोर्ट उघडं राहण्याचा काळ साधारण ४ अंशांनी वाढतो. एक मिलीमीटर, कानशीचे चार हात! आणि घासलेलं परत भरता येत नाही. त्यापेक्षा ब्लॉकखाली पॅकिंग टाकलं तर ट्रान्सफर आणि एक्झॉस्ट दोन्ही वर जातात, आणि नको वाटलं तर काढता येतं. फक्त पिस्टन आणि हेडमधली फटही तेवढीच वाढते, ती हेडमधून कमी करावी लागते. फट मोजायला सोल्डरची तार, प्लगच्या भोकातून थेट भिंतीला टेकवायची, क्रँक एक फेरा फिरवायचा, चेपलेलं टोक कॅलिपरनं मोजायचं. माझी आता १.४ मिमी आहे.

एक्झॉस्ट १७२ अंश उघडं, ट्रान्सफर १२२, फरकाचा अर्धा म्हणजे एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंत २५ अंशांची उसंत. कागदावर छान. गाडी बाहेर काढली तर तिसऱ्यात सात हजारापर्यंत अशी ओढते की पोटात गोळा यावा, आणि चौथा टाकला की ढुस्स. पीएक्सच्या तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अंतर मोठं आहे, सहा हजाराच्या आसपास दम संपणाऱ्या मूळ इंजिनाला ते चालून जातं. माझं इंजिन मात्र चौथा पडला की पाइपच्या रेंजच्या खाली जायचं आणि वाऱ्याशी भांडत तिथेच बसायचं. म्हणजे जास्त पॉवरची गाडी सपाट रस्त्यावर मूळच्यापेक्षा हळू! हसू नका.

शेवटी तो झकास पाइप काढून खिळ्याला टांगला आणि साध्या सायलेन्सरसारखा दिसणारा, खालून ओढणारा पाइप लावला. टॉपची पॉवर नक्की गेली, पण चौथा धरून राहते. मेन जेट मोठ्यापासून सुरुवात करत, इंजिन ढेकर देत अडखळत होतं तिथून एकेक पायरी खाली येत १२२वर थांबलो (तुमचा आकडा वेगळा येईल, माझा लावू नका), आणि इग्निशन स्ट्रोब लाइटनं बघून १७ अंशांवर आणलं, म्हणजे ठिणगी टॉपच्या १७ अंश आधी. आता शॉर्ट चौथा गिअर, म्हणजे तिसऱ्याच्या जवळचा, बघतोय. तो बसला की खिळ्यावरचा पाइप परत खाली येणार, घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.