तुरटीविना हायपो

कोकणकड्यावरच्या ढगांच्या ४×५ इंची फिल्मच्या शीट पीएमके पायरो या डेव्हलपरमध्ये धुवायच्या होत्या, आणि नंतर फिल्म पक्की करणारा फिक्सर, म्हणजे हायपो, कुठला यावरून आमच्या पुण्याच्या डार्करूममध्ये सकाळीच वाजलं. काका म्हणाले, "अरे, पावसाळ्यात तुरटीशिवाय हायपो? इमल्शन सुटून येईल हातात!" त्यांची भीती उगाच नव्हती. नळाला कोमट पाणी असलं की इमल्शनमधलं, म्हणजे फिल्मवरच्या चांदीच्या थरातलं, जिलेटिन फुगतं. म्हणून तर ते कडक करणारी तुरटी आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलेला, कोडॅक एफ-५ सारखा फिक्सर चालत आला.

पण पायरोमधलं मुख्य रसायन, पायरोगॅलॉल, डेव्हलप होतानाच चांदीभोवतीचं जिलेटिन कडक करतं. शिवाय चांदीच्या प्रमाणात पिवळट-हिरवा स्टेन, म्हणजे रंगाचा डाग, सोडतं, तो प्रिंट करताना निळा प्रकाश अडवतो आणि ढगांतले तपशील सांभाळतो. तो स्टेनच अ‍ॅसिडच्या फिक्सरने फिका केला तर पायरोचा खटाटोप करायचाच कशाला?

त्या शीट पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या. म्हणून आधी आभाळाचेच फोटो असलेला ३५ मिमीचा एक रोल १:२:१०० पीएमकेमध्ये (दोन द्रावणं आणि पाणी) धुतला, डेव्हलपिंग थांबवणाऱ्या अ‍ॅसिडच्या स्टॉप बाथऐवजी नुसतं पाणी दिलं आणि अंधारातच त्याचे तीन तुकडे केले. एक काकांच्या तुरटीच्या फिक्सरमध्ये, दुसरा तुरटी नसलेल्या साध्या अ‍ॅसिड रॅपिड फिक्सरमध्ये, तिसरा टीएफ-३ मध्ये. हा अल्कलाइन फिक्सर घरीच बनतो: ६० टक्क्यांचं अमोनियम थायोसल्फेट ८०० मिली, सोडियम सल्फाइट ६० ग्रॅम, सोडियम मेटाबोरेट ५ ग्रॅम, पाणी घालून एक लिटर, वापरताना एका भागाला चार भाग पाणी.

धुऊन झाल्यावर काकांनी प्रत्येक ओल्या पट्टीच्या कडेवर नख ओढून पाहिलं. एकीचंही इमल्शन उचललं गेलं नाही.

मग तिन्ही पट्ट्या फेरिसायनाइड आणि हायपोच्या द्रावणात टाकल्या. चांदी विरघळली, उरला नुसता स्टेन. लाइटबॉक्सवर ठेवल्या तर काळं काहीच नाही, फक्त पिवळट-हिरवे ढग! तुरटीची पट्टी ढगांच्या सर्वांत दाट भागात जरा फिकी होती. उरलेल्या दोन डोळ्यांना सारख्याच दिसल्या, म्हणजे अ‍ॅसिडचा बाऊ मला तरी जास्तच वाटतो. तरीही शीटसाठी मी टीएफ-३ घेतला, कारण अल्कलाइन फिक्सर फिल्ममधून लवकर धुऊन निघतो. फिक्सर लवकर धुऊन निघावा म्हणून वापरतात ते हायपो क्लिअर मात्र टाळलं. त्यातलं सल्फाइट स्टेन खाऊ शकतं.

"चल, शीट काढ," असं म्हणत काकांनी स्वतःच ट्रे मांडायला घेतले.