रेनकोटच्या खिशात

१७ जून, रात्री साडेबारा

माळ्यावरून रेनकोट काढला. गेल्या पावसाळ्यात कोंबून ठेवलेला, बुरशीचा वास येणारा. झटकला तर आतल्या खिशात काहीतरी कुरकुरलं. हात घालायच्या आधीच कळलं होतं. दुमडलेली स्ट्रिप, ट्रामाडॉलच्या, म्हणजे नशा चढवणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या, चार कॅप्सूल शिल्लक.

आणि मला जांभई आली. आठ महिने झालेत सोडून! टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, पहिली जांभईच यायची. मग नाक गळणं, अंगावर काटा, पोटात पिळे. नुसती स्ट्रिप बघून शरीराने तिथून सुरुवात केली.

मी गर्दवाला, म्हणजे ब्राऊन शुगरवाला नाही, हे व्यसनमुक्ती सेंटरमध्ये पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांना ऐकवायचो. कात्रजच्या घाटात गाडी घसरली, मणक्याला मार बसला, डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. अकराव्या दिवसापासून पुढचं सगळं माझं. चिठ्ठीवरची तारीखही मीच खोडली. शेजारच्या कॉटवरचा गर्दवाला हसायचा. "२०१८ पासून तुझी गोळी पण एनडीपीएसमध्येच, अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे रे. आपण एकाच घरातले." बाबांना अजून ते पटत नाही. व्यसनमुक्ती म्हटलं की त्यांना १९८६ सालचं मुक्तांगण केंद्र, ते काढणारे अवचट आणि गर्द एवढंच आठवतं. मेडिकलमधल्या गोळीचं कसलं व्यसन?

तो कॉटवाला चार महिन्यांनी घरी गेला. जेवायला लागला, गाल भरले. मग एका रात्री पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतली. जास्त नाही, तेवढीच. डोक्यात हिशोब जुना, शरीराची सवय मात्र गेलेली. झोपेतच श्वास मंद होत होत थांबला. सकाळी त्याची आई चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. वैकुंठ स्मशानात कुणीतरी म्हणालं, "अहो, चांगला बरा झाला होता." आम्ही सेंटरवाले सहाजण खाली बघत होतो. तसाच घेत राहिला असता तर कदाचित त्या रात्री वाचला असता, हे तिथे कसं बोलायचं?

हे सगळं मला पाठ आहे. तरी स्ट्रिप हातात धरून मनात आलं काय, तर चारच आहेत, चारने काय होणार, पूर्वी तर... पूर्वी!

नालट्रेक्सोन, ही नशा चढू न देणारं माझं औषध, परवाच संपलंय. पावसात आणायचं राहिलं. राहिलं, की मी राहू दिलं? खरंच सांगता येत नाही.

दादाला फोन लावला. झोपेतच विचारलं त्याने, "हातात आहे का?"

"हो."

"आईला उठव. फोन ठेवू नकोस."

आई काही बोलली नाही. कॅप्सूल एकेक करून संडासात टाकल्या, दोनदा फ्लश केलं. मग रेनकोटचे बाकीचे खिसे उलटे करत बसली. एकातून पीएमपीचं भिजून वाळलेलं तिकीट निघालं, ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि माझ्या हातात दिलं.

रेनकोट आता दोरीवर आहे, चारही खिसे बाहेर लोंबतायत. सकाळी मेडिकल उघडलं की आई बरोबर येणार आहे.