घर आमचे, जमीन वस्तीची

बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीटजवळ आम्ही घर घेत असल्याचे कळवले, तेव्हा साताऱ्याहून अण्णांचा पहिला प्रश्न होता, "सातबारा कुणाच्या नावावर?" घर आमचे आणि जमीन वस्तीच्या भूमी-न्यासाची, म्हणजे वस्तीसाठी जमीन सामाईकपणे राखणाऱ्या संस्थेची, हे त्यांना पटेना, मलाही ते पचायला काही महिने लागले.

पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठीचे वर्ग आणि उत्पन्नाचे दाखले रीतसर पार पडले. अडले ते कर्जापाशी. एका बँकेतील अधिकाऱ्याने, जमीन तुमची नसेल तर तारण कशाचे, असे विचारून अर्ज परत केला. अशा घरांची माहिती असलेली दुसरी बँक शोधण्यात दोन महिने गेले. मग वकिलांनी ९९ वर्षांचा भाडेपट्टा समोर ठेवला. घर विकायचे झाल्यास बाजारभावाने नव्हे, करारातील सूत्राने ठरेल त्याच किमतीला विकावे लागेल, हे कलम वाचून आम्ही दोघांनी त्या रात्री कागदाच्या मागच्या बाजूला आपण किती रकमेवर पाणी सोडणार याचा हिशेब मांडला.

तो हिशेब बाजूला ठेवावासा वाटला तो शेजारच्या, पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डी बेटांवरून आलेल्या समाजातल्या आजींमुळे. आज जिथे घरांपुढे वाफे आहेत तिथे पूर्वी जळक्या इमारती आणि बाहेरून आणून टाकलेला कचरा होता, हे त्यांनी मला गल्लीतून चालत, एकेका कोपऱ्यावर थांबून दाखवले. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या गेल्या, आणि रॉक्सबरीने त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या सोसले. १९८० च्या दशकात या परिसरात सुमारे १,३०० भूखंड ओसाड होते. १९८४ साली डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह ही वस्तीची संस्था उभी राहताना कार्यकारिणीच्या पहिल्या मसुद्यात रहिवाशांना मोजक्याच जागा होत्या. लोकांनी सभेतच हरकत घेतली, रहिवाशांचे बहुमत मिळवले आणि कृष्णवर्णीय, केप व्हर्डी, लॅटिनो व गोरे या चारही समाजांना, संख्या कमी-जास्त असली तरी, समान जागा दिल्या. १९८८ मध्ये शहराने या संस्थेला ओसाड जमिनी सक्तीने संपादित करण्याचा अधिकार दिला, आणि तिच्याच भूमी-न्यासाच्या जमिनीवर दोनशेहून अधिक घरे उभी राहिली. भाव वाढले तरी ती सामान्य उत्पन्नाच्या माणसाच्या आवाक्यात राहतात, ती विक्रीच्या किमतीच्या त्याच कलमामुळे.

"म्हणजे सिडकोचा भाडेपट्टा," अण्णा म्हणाले. पट्टा तसाच, पण इथे पट्टा देणारे आपलेच शेजारी आहेत आणि त्यांना निवडताना मीही मत देणार आहे, हे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले, आणि मग नातीला घर मिळेल ना, एवढेच त्यांनी विचारले. मी वारसाचे कलम काढून फोनवर त्यांना ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवले.