चित्रांच्या तीन प्रती

विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, अंध मुलींच्या निवासी शाळेत मी विशेष शिक्षिका आहे. मोठ्या मुलींना शरीर, पाळी आणि लैंगिकता हे विषय स्पर्शाने शिकवण्याची परवानगी मिळवण्यात चार महिने गेले, त्याची चीड अजून उतरलेली नाही. पालकांचे काम सोपे निघाले. पोळ्याला मुलींना न्यायला आलेल्या आयांनी संमतीपत्रांवर लगेच अंगठे उमटवले.

घोडे अडले ते जिल्ह्याच्या कार्यालयात. पहिल्या खेपेला 'लैंगिकता' या शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ काढून अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेला त्रुटी निघाली, 'दाखवावयाच्या चित्रांच्या तीन प्रती जोडाव्यात.' चित्रे नव्हतीच. गर्भाशयाची आणि शिश्नाची शाडूची प्रतिकृती पंच्यात गुंडाळून मी एस.टी.ने नेली आणि टेबलावर मांडली, तेव्हा लिपिकांनी घाईने त्यावर फाईल झाकली आणि म्हणाले, "पोरीईले दिसतच नाही, त्याईले हे कायले सांगता बाई?" दिसत नाही म्हणूनच तर सांगायचे होते. डोळस मुलगी बहिणीकडे, टीव्हीकडे पाहून बरेच काही नकळत उचलते. आमच्या मुलीजवळ स्वतःचे शरीर तेवढे असते आणि त्यालाही हात लावू नको असे बजावलेले असते.

तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते, चौथ्या खेपेला अर्जच सापडेना. (स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये, हे मी तेव्हा शिकले.) नव्या अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १० उतरवून काढले, प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती दिव्यांगांना मिळेल याची खात्री करणे शासनाचे काम आहे, असे ते सांगते. आरोग्यसेविका हजर ठेवण्याच्या अटीवर सही झाली. सिस्टरना मी तशीही बोलावणारच होते.

शाडू आठवडाभर आधी वाळवावी, ओलसर राहिल्यास चाचपताना आकार मोडतो. गर्भाशयाचे माप सांगताना मूठ आवळायला लावावी. मुलीचा हात प्रतिकृतीवर नेण्यापूर्वी तिला विचारावे, नाहीतर नकार देण्याचा धडा आपणच खोडून टाकतो. आणि हो, पॅडची चिकट बाजू कोऱ्या निकरवर आधी जुळवून घ्यायला शिकवावे.

पहिल्याच वर्गात पंधरा वर्षांच्या एका मुलीने प्रतिकृती बाजूला सारून विचारले, "बाई, मले सारे काळी म्हन्तात. काळं हाताले कसं लागते?" मी तिचा हात आधी सिस्टरांच्या आणि मग माझ्या मनगटावर ठेवू दिला. तिने बराच वेळ चाचपून पाहिले. "तुमचा खरबरीत लागते," ती म्हणाली. ती वाळलेली शाडू होती.